फेल रनर, फर्स्ट क्लास!

माहीत आहे का, जगात अशाही शर्यती आहेत जिथे धावायचं कुठून हे आयोजक सांगतच नाहीत? हे शिखर गाठा, ते शिखर गाठा, अमक्या दगडांच्या ढिगापाशी चेकपॉइंट. मधलं तुमचं तुम्ही बघा! दलदल लागली तर दलदल, कातळ लागला तर कातळ, मेंढ्या आडव्या आल्या तर मेंढ्यांना ‘एक्सक्यूज मी’.

वेलकम टू फेल रनिंग! उत्तर इंग्लंडातल्या उघड्याबोडक्या डोंगरांना तिकडे ‘फेल’ म्हणतात. त्यांच्यावर धावत चढायचं आणि त्याहून जोरात उतरायचं, एवढाच खेळ. मेडलची हमी नाही, सपाट जमिनीची तर नाहीच नाही.

आता या खेळातला हौशी गडी आठवडाभर करतो तरी काय? चला, त्याच्या मागे मागे पळू या. बुटाची नाडी घट्ट बांधा!

हसू नका, ९७८ मीटर आहे!

इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॉफेल पाइक. उंची ९७८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६! ‘हा तर आमच्या पोरांचा संडे ट्रेक’ असं पुटपुटलात ना? जरा थांबा.

केझिक गावात बॉब ग्रॅहम नावाचे गृहस्थ गेस्टहाउस चालवायचे. जून १९३२ मध्ये त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधली ४२ शिखरं एका फेरीत पालथी घातली. अंतर साधारण १०६ किलोमीटर, एकूण चढाई ८,२०० मीटरच्या आसपास. समुद्रकिनाऱ्यावरून निघालात तर एव्हरेस्टच्या अगदी गळ्यापर्यंत पोचाल! वेळ लागला २३ तास ३९ मिनिटं. आणि ४२च शिखरं का? वयाच्या प्रत्येक वर्षाला एक, असं सांगतात! वाढदिवसाला केक कापून दमणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पोशाख ऐका. टेनिसचे बूट, हाफ पँट आणि नाइट ड्रेसचा शर्ट. डाएट? ब्रेड-बटर, कच्चटच उकडलेली अंडी, फळं आणि गोळ्या-चॉकलेटं. प्रोटीन शेकवाले, कुठे आहात?

ही फेरी २४ तासांत पुन्हा जमायला १९६० साल उजाडावं लागलं. आज ती पूर्ण करणाऱ्याला बॉब ग्रॅहम क्लबचं सदस्यत्व मिळतं. पैसे भरून मिळत नाही, वशिल्याने तर नाहीच. आणि प्रत्येक शिखरावर सोबत साक्षीदार लागतो!

साक्षीदार कशाला? माझी आपली एक थिअरी आहे. याच भागात, वॉस्डेल दरीजवळच्या एका पबमध्ये दरवर्षी ‘जगातला सर्वांत मोठा थापाड्या’ निवडायची स्पर्धा होते. राजकारणी आणि वकील यांना तिथे एंट्री नाही, कारण ते फारच तयारीचे! अशा मुलखात ‘मी बेचाळीस डोंगर केले बरं का’ असं नुसतं सांगून कोण विश्वास ठेवणार?

ऑफिस सुटलं, डोंगर गाठला

माहीत आहे का, या खेळातले महारथी दिवसा काय करायचे? बिली ब्लँड गवंडीकाम करायचे. १९८२ मध्ये त्यांनी बॉब ग्रॅहम फेरी १३ तास ५३ मिनिटांत उडवली. हा रेकॉर्ड मोडायला थेट ३६ वर्षं गेली आणि त्यासाठी स्पेनचा किलियन जॉर्नेट हा जगातला टॉपचा प्रोफेशनल यावा लागला. वेळ १२ तास ५२ मिनिटं. फिनिशला त्याचं स्वागत करायला कोण उभं? खुद्द बिली ब्लँड!

केनी स्टुअर्ट माळीकाम करायचे. फिनले वाइल्ड डॉक्टर. निकी स्पिंक्स गुरं पाळणारी शेतकरी. कॅन्सरचं निदान होऊन दहा वर्षं झाली म्हणून २०१६ मध्ये तिने बॉब ग्रॅहम फेरी लागोपाठ दोनदा मारली. ४५ तास ३० मिनिटं. सेलिब्रेशन असावं तर असं!

आणि जॉस नेलर. वॉस्डेलचे मेंढपाळ. तरुणपणीच पाठीच्या मोठ्या ऑपरेशनला सामोरे गेलेले. १९७५ मध्ये त्यांनी २४ तासांच्या आत ७२ शिखरं केली. साठाव्या वर्षी ६० शिखरं, सत्तराव्या वर्षी ७० शिखरं! २०२४ मध्ये ८८व्या वर्षी ते गेले. ‘डोंगरात ट्रेनिंग कसं करायचं’ हा प्रश्न त्यांना पडलाच नसेल. मेंढ्या पळतात, त्यांच्या मागे आपणही पळायचं. झालं ट्रेनिंग, झालं कामही!

मला विचाराल तर या खेळाची खरी ऐट इथेच आहे. हौशी माणूस इथे ‘उरलेल्या जागी’ धावत नाही. खेळ त्याचाच आहे.

गंमत म्हणजे पूर्वी या हौशीपणाचा भलताच बडेजाव होता. गावजत्रेतल्या डोंगरशर्यतीत चार पैसे रोख बक्षीस घेतलं की शिक्का बसायचा ‘प्रोफेशनल’चा, आणि हौशी शर्यतींचे दरवाजे बंद! केनी स्टुअर्टही आधी त्या रोख बक्षीसवाल्या गोटात होते. हौशी म्हणून परत घेतले गेले, आणि मग काय केलं ते पुढे वाचा.

सोमवार: जिना नावाचा शत्रू

आमचा हौशी गडी सोमवारी रेस्ट घेतो. म्हणजे घ्यावीच लागते. रविवारी डोंगर उतरताना ‘वाऽऽ’, सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना ‘आई गंऽऽ’.

माहीत आहे का, पाय दुखवतो तो चढ नाही, उतार! उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो. आकसायला बघतो आणि त्याच वेळी ताणला जातो. या ओढाताणीत त्याला बारीक बारीक इजा होतात. हे दुखणं लगेच येत नाही, साधारण एक ते तीन दिवसांत ऐन भरात येतं. उधारीवालाही इतका वेळ देत नाही!

पण आता ट्विस्ट. एकदा असा मार खाल्ला की स्नायू शहाणा होतो. पुढच्या वेळी तोच उतार त्याला कमी दुखवतो आणि हे शहाणपण काही आठवडे टिकतं. म्हणून जाणकार रनर रेसच्या दोनेक आठवडे आधी एक दणदणीत उतार मारून ठेवतो. रेसच्या आदल्या दिवशी मात्र उताराकडे बघायचंही नाही.

मंगळवार: वर, खाली, वर, खाली

हिल रेप्सचा दिवस. एक खडा चढ निवडायचा, जीव तोडून वर जायचं, हळूहळू खाली यायचं. पुन्हा वर. बघणाऱ्याला वाटतं, याची किल्ली हरवलीय बहुतेक.

फेल रनरला ‘किती किलोमीटर झाले?’ असं विचारू नका, अपमान होतो. ‘किती मीटर चढलास?’ असं विचारा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच हिशेब मांडून ठेवलाय. दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या भाषेत, १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे जवळपास ८०० मीटर. डोंगरात जाणारे लोक हा हिशेब आजही वापरतात.

आता एक गुपित. चॅम्पियनसुद्धा चढावर चालतात! दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ वाकलेली, नजर जमिनीवर. चढ फार खडा झाला की त्याच वेगाने धावण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते. तेव्हा सिंहगडावर धाप लागून चालू लागलात, तर बिनधास्त सांगा, ‘स्ट्रॅटेजी आहे!’

आणि उताराचं गणित? अल्बर्टो मिनेट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००२ मध्ये मोजून दाखवलं की धावायला सगळ्यांत स्वस्त उतार २० टक्क्यांच्या आसपासचा. त्याहून खडा झाला की ब्रेक मारण्यातच खर्च वाढत जातो. फेल रनरांचा मंत्र मात्र वेगळाच: ‘ब्रेक ऑफ, ब्रेन ऑफ!’ शास्त्र बाजूला, दात सांभाळा.

बुधवार: चहाआधी डोंगर

उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे कामावरून सुटून, गाडीतच कपडे बदलून, संध्याकाळची छोटी रेस मारता येते. गावचं मैदान, काही पौंडांची एंट्री फी, समोर डोंगर. वर जाऊन या, संपलं!

रेसच्या नावापुढे ‘एएस’, ‘बीएम’, ‘एएल’ अशी अक्षरं दिसतील. डिग्री नव्हे, धोक्याची पाटी आहे ती. पहिलं अक्षर चढाचं. ‘ए’ म्हणजे दर किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ, ‘बी’ म्हणजे २५, ‘सी’ म्हणजे २०. दुसरं अक्षर अंतराचं. ‘एस’ दहा किलोमीटरच्या आत, ‘एम’ दहा ते वीस, ‘एल’ वीसच्या वर. थोडक्यात, ए म्हणजे अरेरे आणि एल म्हणजे लांबलचक. ‘एएल’ दिसलं की घरी सांगून जा.

गुरुवार: एका पायावर ब्रश

खरंच! दात घासताना एका पायावर उभं राहायचं. जमलं की डोळे मिटून उभं राहायचं. घोट्याची समज वाढवायची ही फुकटातली युक्ती. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळ्या दगडावर पडतं, आणि डोळ्यांनी बघून मेंदूने ठरवेपर्यंत घोट्याने निर्णय घेतलेला असावा लागतो. बेसिन धरून ठेवलंत तरी चालेल. आम्ही कुणाला सांगणार नाही.

बूट? रस्त्यावरचे गुबगुबीत बूट इथे बाद. तळवा पातळ, पायाला जमीन कळली पाहिजे, आणि खाली रबराचे टोकदार दात. बोल्टन गावातल्या वॉल्श कंपनीचे बूट घालून कित्येक पिढ्या डोंगरावरून घसरल्या… सॉरी, उतरल्या!

रेकी, पण चोरीसाठी नाही

रेसच्या आधीच्या एखाद्या शनिवारी आमचा गडी डोंगरात जाऊन रेकी करून येतो. मार्ग आखलेला नसतो ना! कुठल्या भिंतीला वळसा घालायचा, ओढा कुठे ओलांडायचा, मेंढ्यांची कुठली पायवाट थेट खिंडीत उतरते, हे सगळं डोक्यात भरून ठेवायचं. अशी एक हुशार पायवाट सापडली की दोन-चार मिनिटं वाचतात, आणि ती क्लबमधल्या जिवलग मित्रालाही सांगायची नसते.

धुकं पडलं की तर खरी धमाल. पुढच्याच्या पाठीमागे डोळे मिटून जावं, तर तोही चुकलेला! शेतकऱ्याच्या गोठ्यात आठ-दहा रनर एकदम उगवले, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. म्हणून नकाशा आणि होकायंत्र चालवायला शिकणं हाही ट्रेनिंगचाच भाग. पाय कितीही पळोत, चुकीच्या दरीत उतरलात तर तेवढंच परत चढा.

शुक्रवार: बॅगेत काय काय?

लांबच्या रेसला सामान सक्तीचं असतं आणि तपासणीही होते. वॉटरप्रूफ जाकीट, वॉटरप्रूफ पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, आणीबाणीचा खाऊ. हे सगळं कमरेला बांधायच्या इवल्याशा पाउचमध्ये! लग्नाला दोन दिवस जाताना तीन बॅगा भरणाऱ्यांनी या लोकांकडे क्लास लावावा.

माहीत आहे का शिट्टीची भाषा? आपल्या कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे भात झाला. ब्रिटनच्या डोंगरात एका मिनिटात सहा शिट्ट्या म्हणजे ‘वाचवा’. मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. आणि उत्तरादाखल तीन शिट्ट्या ऐकू आल्या, म्हणजे ‘आलो, आलो’!

एवढं सामान कशाला, असं वाटतंय? लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट हे इंग्लंडातलं सर्वांत पावसाळी वस्तीचं ठिकाण. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. आंबोलीकर म्हणतील, ‘बस एवढाच?’ पण आंबोलीत तो पाऊस बर्फासारख्या वाऱ्याबरोबर आडवा येत नाही.

आणि खाऊ? केंडल मिंट केक! नावात केक, पण केक नाहीच. ही पेपरमिंटची साखरेची वडी. म्हणतात की १८६९ मध्ये केंडलच्या एका मिठाईवाल्याचा पाक बिघडला आणि त्यातून ही वडी जन्मली. १९५३ मध्ये हीच वडी हिलरी-तेनसिंग यांच्याबरोबर एव्हरेस्टवर पोचली. लांब शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जावं असा सर्वसाधारण हिशेब सांगतात. म्हणजे खिशात राजगिऱ्याची चिक्की ठेवलीत तरी काम होतं, फक्त पावसात ती खिशालाच चिकटते.

रेस डे! रेकॉर्डांची भेळ

बेन नेव्हिस, ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर, १,३४५ मीटर. सामान्य माणूस वर जाऊन येण्यात पूर्ण दिवस घालवतो. केनी स्टुअर्ट, हो, तेच आपले माळीबुवा, १९८४ मध्ये वर जाऊन खाली आले १ तास २५ मिनिटं ३४ सेकंदांत! शिखरावर घड्याळ बघायला तरी थांबले का, कोण जाणे.

या डोंगरावर घड्याळ लावून पहिल्यांदा धावला कोण? १८९५ मध्ये फोर्ट विल्यम गावचे सलूनवाले विल्यम स्वॉन. २ तास ४१ मिनिटं. एकदम कटिंग एज!

याच डोंगरावर फिनले वाइल्ड या डॉक्टरने २०१० ते २०१९ सलग दहा वर्षं शर्यत जिंकली. बाकीच्यांनी त्याला एखाद्या वर्षी रात्रपाळी लावायला हवी होती.

यॉर्कशरची थ्री पीक्स रेस १९५४ मध्ये सुरू झाली. धावले सहा, पोचले तीन. म्हणजे पोचला तो पोडियमवर!

स्कॉटलंडमध्ये चार्ली रॅम्से यांनी १९७८ मध्ये २४ शिखरांची फेरी २४ तासांच्या आत करायची ठरवली. पोचले २३ तास ५८ मिनिटांनी. विरार लोकल पकडणाऱ्यांना ही दोन मिनिटं काय असतात ते सांगायला नको.

घोडा हरला!

वेल्समधल्या लानूर्टिड वेल्स गावात (नाव उच्चारतानाच वॉर्म-अप होतो) पबच्या मालकाच्या कानावर एक पैज पडली: लांब पल्ल्यावर डोंगरात माणूस घोड्याला हरवेल का? १९८० पासून दरवर्षी शर्यत होते, सुमारे ३५ किलोमीटरची. वर्षानुवर्षं घोडाच जिंकायचा आणि बक्षिसाची रक्कम साठत जायची. २००४ मध्ये ह्यू लॉब या धावपटूने घोड्याला हरवलं आणि साठलेले २५ हजार पौंड खिशात घातले.

२०२२ मध्ये घोड्याला पुन्हा धूळ चारणारा कोण? कंब्रियाचा फेल रनर, अग्निशमन दलाचा जवान रिकी लाइटफूट. आडनावातच हलकं पाऊल! आणि पठ्ठ्या रात्रपाळी करून थेट रेसला आलेला. घोड्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

बाई, काय हा वेग!

१९५५ मध्ये कॅथलीन कॉनोची ही सोळा वर्षांची मुलगी बेन नेव्हिसच्या शर्यतीला उभी राहिली. मुलींना अधिकृत प्रवेश नव्हता. तरी धावली, आणि तीन तासांच्या आसपास वर जाऊन खाली आलीसुद्धा!

१९९२ मध्ये वेल्समधली पहिली ‘ड्रॅगन्स बॅक’ ही अनेक दिवसांची डोंगरशर्यत जोड्यांनी धावायची होती. जिंकली हेलन डायमँटिडिस आणि मार्टिन स्टोन या जोडीने, तगड्या पुरुष जोड्यांना मागे टाकून.

आणि जॅस्मिन पॅरिस! फेल रनिंगच्या मुशीतली, पेशाने प्राण्यांची डॉक्टर. २०१९ मध्ये ४३० किलोमीटरची हिवाळी स्पाइन रेस तिने ८३ तास १२ मिनिटांत पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे पूर्ण केली, वाटेतल्या चेकपॉइंटवर तान्ह्या लेकीसाठी दूध काढून ठेवत! २०२४ मध्ये अमेरिकेतली कुप्रसिद्ध बार्कले मॅरेथॉन पूर्ण करणारी ती पहिली स्त्री. मुदत ६० तास, ती पोचली ९९ सेकंद राखून.

योगायोग बघा, सब्रिना वर्जी हीसुद्धा प्राण्यांचीच डॉक्टर. लेक डिस्ट्रिक्टमधल्या प्रसिद्ध २१४ शिखरांची माळ २०२१ मध्ये पहिल्यांदा सहा दिवसांच्या आत पुरी केली ती तिने. कुठल्या पशुवैद्यकीय कॉलेजात हा सिलॅबस शिकवतात, कुणी चौकशी करेल का?

आणि आपल्याकडे?

सह्याद्री काय फक्त फोटोसाठी आहे? साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनने एकाच डोंगरावर सर्वाधिक धावपटू जमवून २०१५ मध्ये गिनीज बुकात नाव कोरलं. ती डांबरी घाटातली. मातीतलं हवं असेल तर सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा आहे. तिथे गडावर चढताना हात गुडघ्यांवर आपोआप जातात, स्ट्रॅटेजी म्हणून.

हरवलेत? नाही, जेवताहेत!

ऑक्टोबर २००८. बॉरोडेल खोऱ्यात ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन सुरू होती. पावसाने असा काही धिंगाणा घातला की शर्यत रद्द करावी लागली. न्यूज चॅनलांवर ब्रेकिंग न्यूज झळकू लागली: शेकडो धावपटू डोंगरात बेपत्ता! आणि ते ‘बेपत्ता’ काय करत होते? बहुतेक जण तंबू, स्लीपिंग बॅग, जेवणखाण असं सगळं पाठीवर घेऊनच आलेले. कुणी तंबूत गुडूप, कुणी गोठ्यात मुक्कामाला. फोनला रेंज नाही, त्यामुळे आपण बेपत्ता आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं!

त्यामुळे या खेळात एक नियम वज्रलेप. रेस अर्धवट सोडलीत तरी फिनिशला येऊन नाव सांगायचंच. न सांगता परस्पर घरी गेलात, तर इकडे तुम्ही गरम पाण्याने आंघोळ करून सूप पीत बसता आणि तिकडे माउंटन रेस्क्यूचे स्वयंसेवक, जे स्वतःही उद्या कामावर जाणारे हौशीच, भर पावसात तुमच्या नावाने शिट्ट्या मारत फिरतात. पुढच्या वर्षी त्या रेसला एंट्री मिळेल का? विचारूही नका.